सावली, कोन आणि उंची

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने इल्मचे महत्त्व सांगावे, मुलांना दुआ द्यावी, बक्षिसे वाटावीत आणि खाली बसावे, अशी रीत आहे. ती रीत चांगली आहे आणि मीही ती शेवटी पाळणारच आहे. पण त्याआधी आपली अर्धा तासभर वेळ मी एका धड्यावर खर्च करणार आहे. दहावीच्या गणितात त्रिकोणमितीचे प्रकरण असते. त्याच्या अखेरीस उंची आणि अंतर काढण्याची उदाहरणे येतात. कोणी दीपगृहावरून जहाज पाहतो, कोणी इमारतीच्या पायथ्यापासून काही अंतरावर उभा राहून तिचे टोक पाहतो, कोणाची शिडी भिंतीला टेकलेली असते. मुले आकृती काढतात, कोन तीस, पंचेचाळीस किंवा साठ अंशांचा असतो, उत्तरात वर्गमूळ तीन येते आणि गुण मिळतात. त्या दीपगृहाकडे मग कोणी आयुष्यात पुन्हा पाहत नाही.

आपल्या सभांतून एक गोष्ट मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. वक्ता उभा राहतो आणि अल्-बिरुनी, इब्न सीना, अल्-ख्वारिज्मी ही नावे घेतो. टाळ्या पडतात. आमच्या पूर्वजांनी जगाला गणित शिकवले, असे सांगितले जाते. आणि त्याच सभागृहात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला चाळीस अंशांचा टॅन म्हणजे काय असे विचारले, तर तो चपलांकडे पाहू लागतो. दुसरीकडे, नववीत गणित जड जाते आहे एवढ्यावरून मुलीला पुढे विज्ञान नको, असा निर्णय घरात जेवताजेवता होऊन जातो. तिला कोणी विचारत नाही. तिचीही हिंमत होत नाही. मला या दोन्ही गोष्टींची एकाच वेळी काळजी वाटते. ज्या नावांवर आपण टाळ्या वाजवतो, त्यांच्याशी आपले काही नाते असेल, तर ते या धड्यातूनच जाते. दुसऱ्या कुठल्याही वाटेने जात नाही.

म्हणून आज सूत्रापासून सुरुवात करायची नाही. सावलीपासून करायची.

आपल्या मशिदीत असरच्या नमाजाची वेळ लावलेली असते. हल्ली ती मोबाईलवरही दिसते. ती वेळ कशी ठरते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? पूर्वी घड्याळ नव्हते. जमिनीत एक सरळ काठी उभी करायची आणि सावली पाहायची. ऐन माध्यान्हीला सावली सर्वांत आखूड असते. मग ती वाढू लागते. माध्यान्हीच्या त्या आखूड सावलीपेक्षा काठीच्या उंचीइतकी जास्त सावली झाली, की शाफई मजहबाप्रमाणे असरची वेळ सुरू होते. आपले बहुतेक कोकणी मुसलमान शाफई आहेत. हनफी मताप्रमाणे ही वाढ काठीच्या दुप्पट व्हावी लागते. मी येथे फिकह सांगायला उभा नाही, तो माझा अधिकारही नाही. मला फक्त एवढे दाखवायचे आहे, की या नियमात काठी, सावली आणि सूर्याकडे जाणारी तिरपी रेषा मिळून एक काटकोन त्रिकोण दडलेला आहे.

मे महिन्याच्या मध्यास, आणि पुन्हा जुलै संपता संपता, मुंबईच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीला सावलीच नसते. आता त्या दिवशीचा हिशेब करा. माध्यान्हीची सावली शून्य. म्हणून शाफई असर तेव्हा लागेल, जेव्हा सावली काठीइतकीच लांब होईल. काठी आणि सावली सारखी म्हणजे सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर. हनफी असर तेव्हा, जेव्हा सावली दुप्पट. म्हणजे सूर्य सुमारे साडेसव्वीस अंशांवर. पहिली वेळ माध्यान्हीनंतर सुमारे तीन तास दहा मिनिटांनी येते, दुसरी साधारण साडेचार तासांनी. दोन मशिदींच्या अजानमध्ये उन्हाळ्यात जे अंतर पडते, ते गणितातून असे नेमके बाहेर येते. रोजचे वेळापत्रक ज्या मुलाने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला त्रिकोणमिती परकी का वाटावी, हे मला कळत नाही.

काठीची उंची भागिले सावलीची लांबी, हा जो भागाकार आहे, त्यालाच आज आपण सूर्याच्या उन्नत कोनाचा टॅन म्हणतो. आणि गंमत अशी, की अरबी गणितज्ञ या राशीला सावलीच म्हणत. त्यांचा शब्द जिल्ल. जिल्ल म्हणजे सावली. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या हबश अल्-हासिबने सावल्यांचे कोष्टक तयार केले. दहाव्या शतकात अबुल वफा बूजजानीने टॅनचा अभ्यास अधिक बारकाईने केला आणि अचूक कोष्टके केली. कोष्टक म्हणजे काय, तर एकाने रात्र रात्र जागून केलेली आकडेमोड, जी हजारो लोकांना पुन्हा करावी लागू नये.

साइन या शब्दाचा प्रवास तर त्याहून मजेचा आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात अर्धज्या म्हणजे अर्धी जीवा हिची कोष्टके दिली. धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात. वर्तुळाच्या कंसाला जोडणारी रेषा म्हणजे तशीच दोरी. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ज्ञान बगदादला पोहोचले. तेथे जीवा हा शब्द जीबा असा लिहिला गेला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. पुढे वाचणाऱ्यांनी त्याच अक्षरांचा उच्चार जैब असा केला. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीजवळचा पदर. आपण खिशाला जेब म्हणतो, तो हाच शब्द. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्या घडीसाठी लॅटिनमध्ये सायनस हा शब्द घातला आणि त्याचा साइन झाला. म्हणजे मुले जेव्हा साइन थीटा म्हणतात, तेव्हा ती संस्कृत शब्दाचे अरबी वाचन लॅटिन वेषात उच्चारत असतात. हे शास्त्र आमचे की तुमचे, असा वाद घालणाऱ्याला मी हा एक शब्द देतो आणि सांगतो, घ्या, वाटणी करून दाखवा.

याच संदर्भात आपल्या महाराष्ट्रातले एक ठिकाण सांगतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचा भाग आहे. दिव्याची उंची, शंकूची उंची आणि सावली यांवरची उदाहरणे त्यात येतात. त्याच लीलावतीचे फारसी भाषांतर १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजीने केले. एका कवीला गणिताचे पुस्तक भाषांतरासाठी दिले, हे मला फार आवडते. आपल्याकडे आता शायरी करणारा मुलगा गणितापासून सुटका झाली म्हणून आनंदात असतो.

असो. इतिहास पुष्कळ झाला. आता हातात काम घेऊ.

सर्वांत सोपी रीत कोनाशिवायची. बरोबर एक मीटरची काठी उन्हात उभी करा. तिची सावली मोजा. समजा ती ऐंशी सेंटिमीटर भरली. त्याच वेळी मिनाराची सावली मोजा. समजा ती बारा मीटर भरली. बारा भागिले शून्य दशांश आठ, म्हणजे मिनार पंधरा मीटर उंच. यात दोन ठिकाणी मुले फसतात. एक, दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या असतात. चहा पिऊन आल्यावर दुसरी मोजली तर सूर्य थांबलेला नसतो. दुसरे अधिक महत्त्वाचे. मिनाराचे टोक त्याच्या मध्यावर असते, भिंतीच्या कडेवर नव्हे. म्हणून सावली भिंतीपासून मोजून भागत नाही. तळाच्या रुंदीचा अर्धा भाग त्यात मिळवावा लागतो. मिनाराचा तळ तीन मीटर रुंद असेल आणि हे विसरले, तर पंधरा मीटरच्या उत्तरात जवळजवळ दोन मीटरची तूट पडते. पुस्तकातल्या आकृतीत मिनार ही एक उभी रेघ असते. रेघेला जाडी नसते. पटांगणातल्या मिनाराला असते.

ढगाळ दिवशी किंवा सावली दुसऱ्याच्या कंपाउंडमध्ये पडत असेल तेव्हा कोन मोजावा लागतो. त्यासाठी उपकरण घरी बनते. कंपासपेटीतला अर्धवर्तुळाकार कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेवर एक पोकळ नळी चिकटवा. जुन्या बॉलपेनची चालेल. कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा ओवा आणि दोऱ्याला एखादे वजन बांधा. गवंडी जो ओळंबा वापरतो, त्याचीच ही लहान आवृत्ती. नळीतून समोर क्षितिजाकडे पाहिले, की दोरा नव्वदावर लोंबतो. वर पाहू लागलात, की तो नव्वदापासून सरकतो. जितका सरकला, तितका उन्नत कोन. दोन जण हवेत. एकाने नळीतून टोक पाहायचे, दुसऱ्याने दोरा स्थिर झाल्यावर आकडा वाचायचा. ज्याने पाहिले त्यानेच वाचायला मान वळवली, की नळी हललीच समजा. मोबाईलमध्येही कोन दाखवणारी सोय असते; ती जरूर वापरा, पण आधी दोऱ्याने करा. दोऱ्यात गुरुत्वाकर्षण डोळ्यांसमोर काम करताना दिसते.

समजा पाण्याच्या टाकीपासून तुम्ही वीस मीटरवर उभे आहात आणि कोन चाळीस अंश आला. कोष्टकात चाळीसचा टॅन शून्य दशांश चौऱ्याऐंशी. याचा अर्थ साध्या भाषेत असा, की चाळीस अंशांच्या तिरप्या रेषेने एक मीटर आडवे गेले, की चौऱ्याऐंशी सेंटिमीटर उंची चढते. मग वीस मीटरना वीसपट, सुमारे १६.८ मीटर. ही उंची तुमच्या डोळ्यापासून वरची. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर ते मिळवा: १८.३ मीटर. टॅन म्हणजे एवढेच. समोरची बाजू भागिले लगतची बाजू हे पाठ करण्यापूर्वी, एक मीटर गेल्यावर किती चढलो, असा प्रश्न मुलाने स्वतःला विचारला, तर त्याला ते सूत्र विसरता येणार नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी खरे तर हा विषय निवडला, ती सांगतो. पुस्तकात ती नसते. घरगुती उपकरणाने कोन वाचताना एका अंशाची चूक सहज होते. त्या चुकीने उंची किती बिघडते? वीस मीटरवरून चाळीसऐवजी एक्केचाळीस वाचले, तर उत्तर साठ सेंटिमीटरने वाढते. तीच टाकी पाच मीटरवरून पाहा. मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते, कोन सुमारे ७३ अंश येतो. आणि येथे एका अंशाची चूक उत्तर एक मीटरहून थोडे अधिक बिघडवते. बरे, दूर जाऊ म्हणून ऐंशी मीटरवर गेलात, तर कोन जेमतेम बारा अंश. आता एका अंशाची चूक जवळजवळ दीड मीटरची. म्हणजे फार जवळ वाईट आणि फार दूरही वाईट. सर्वांत कमी नुकसान कोठे? कोन पंचेचाळीस असतो तेथे. म्हणजे वस्तूची जेवढी उंची असेल अंदाजे तेवढ्याच अंतरावर. हे गणिताने सिद्ध करता येते, अकरावी-बारावीच्या मुलांनी जरूर करून पाहावे. लहान मुलांनी पाच मीटर, वीस मीटर आणि ऐंशी मीटर अशा तीन जागांवरून मोजून उत्तरे शेजारी शेजारी लिहिली, तरी पुरे. कोणती जागा चांगली, ते त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

घुमटाची तर आणखी वेगळी तऱ्हा. विजापूरच्या गोल घुमटाची सहल आपल्या शाळा करतात. घुमटाच्या फार जवळ उभे राहिलात, तर जे टोक म्हणून दिसते ते टोक नसतेच. नजर घुमटाच्या फुगीर पोटाला घासून जाते आणि खरे शिखर त्यामागे लपते. तेथे आधी मागे सरायला हवे. किती मागे, ते आकृती काढून ठरवता येते, आणि ते उदाहरण मला पुस्तकातल्या दहा शिड्यांपेक्षा मोलाचे वाटते.

पुढची पायरी. ज्या वस्तूच्या पायथ्याशी जाताच येत नाही, तिचे काय? खाडीपलीकडची टेकडी घ्या. आडवे अंतर माहीत नाही. मग दोन जागांवरून पाहायचे. पहिल्या जागेवरून कोन तीस अंश. टेकडीच्या दिशेने सरळ पन्नास मीटर पुढे गेलात, कोन पंचेचाळीस झाला. पंचेचाळीसच्या जागी उंची आणि अंतर सारखे. तीसच्या जागी अंतर उंचीच्या १.७३२ पट. या दोहोंतला फरक, म्हणजे उंचीच्या ०.७३२ पट, हा पन्नास मीटर. म्हणून उंची सुमारे ६८ मीटर. पायाखालची जमीन मोजली आणि पाण्यापलीकडची टेकडी हाती आली. पण येथेही फसगत आहे. पन्नासऐवजी आळसाने दहाच मीटर पुढे गेलात, तर कोन तीसवरून फक्त सव्वाबत्तीसपर्यंत जातो. तो पाव अंश वाचताना सुटला आणि बत्तीस लिहिले, तर उंची ६८ ऐवजी ७६ मीटर निघते. जमिनीवर चालायचा कंटाळा केला, की आकाशातले उत्तर आठ मीटरने चुकते.

याच दोन जागांच्या रीतीने अल्-बिरुनीने एका डोंगराची उंची मोजली होती. आपण सभांतून ज्याचे नाव घेतो, त्याने प्रत्यक्ष काय केले हे एकदा नीट पाहू या. त्याचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिज्ममध्ये झाला. पुढे तो गझनीच्या दरबारात होता, हिंदुस्थानात राहिला, संस्कृत शिकला. आजच्या पाकिस्तानातील पंजाबात, मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. त्या परिसरात समोर सपाट मैदान असलेला एक डोंगर त्याला सापडला. मैदानात दोन जागांवरून कोन घेऊन त्याने डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग तो डोंगरावर चढला आणि क्षितिज आडव्या रेषेपेक्षा किती खाली दिसते, तो कोन मोजला. तो आला ३४ कला. म्हणजे अर्ध्या अंशाहून जेमतेम जास्त. पृथ्वीचा मध्य, क्षितिजाचा बिंदू आणि डोंगरमाथा या तीन बिंदूंचा काटकोन त्रिकोण होतो, हे ध्यानात घेऊन त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. उत्तर एक कोटी अठ्ठावीस लाख हातांच्या आसपास आले.

त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या किती जवळ होते, यावर पुष्कळ लिहिले जाते आणि कधी कधी नव्व्याण्णव टक्के वगैरे मोठे आकडे फेकले जातात. मला त्यात फारसा रस नाही. त्याचा हात किती लांबीचा धरायचा यावर विद्वानांत मतभेद आहेत. हवेत प्रकाशकिरण किंचित वाकतो, त्याचाही परिणाम या लहान कोनावर होतो. आणि त्या ३४ कलांत एका कलेची चूक झाली, तर त्रिज्या सुमारे सहा टक्क्यांनी बदलते. मला विशेष वाटते ते हे, की पूर्वी खलिफा अल्-मामूनच्या काळी हेच काम करण्यासाठी वाळवंटात मैलोन्‌मैल दोऱ्या धरून माणसे चालवावी लागली होती. बिरुनीने तो प्रश्न एका डोंगरमाथ्यावर आणून ठेवला. एक डोंगर, एक मैदान, एक उपकरण आणि जिल्लची, जैबची कोष्टके. पृथ्वीला वळसा घालण्याची गरज नाही.

त्याच्यानंतर दोनएकशे वर्षांनी नसीरुद्दीन तूसी झाला. मरागा येथे १२५९ मध्ये सुरू झालेल्या वेधशाळेचा तो प्रमुख. तोवर त्रिकोणमिती ही ज्योतिषाची मदतनीस होती. तूसीने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तिला आपल्या पायावर उभे केले. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल्-शातिर हा मुवक्कित होता. मुवक्कित म्हणजे नमाजाच्या वेळा काढणारा. मशिदीत गणितज्ञाची नेमणूक असे, हे आपल्या मशिदींच्या विश्वस्तांनी लक्षात ठेवावे, असे मी हळूच सुचवतो.

आता आपल्या देशात या. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लँबटनने सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा मोजली आणि तेथून हिंदुस्थानचे मोठे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले. एक रेषा प्रत्यक्ष मोजायची, मग कोन घेत घेत त्रिकोणामागून त्रिकोण रचत उत्तरेकडे जायचे. त्यासाठी वापरलेला थोर थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता; तो माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर चढे. काम संपण्यापूर्वीच १८२३ मध्ये लँबटन हिंगणघाटला वारला. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावी त्याची कबर आहे. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले.

या उपकरणांची निगा राखणे म्हणजे साधे काम नव्हते. अंशाच्या शेकडो तुकड्यांत विभागलेले पितळी वर्तुळ घासले गेले, वाकले, तर सगळी आकडेमोड फुकट. हेन्री बॅरो नावाच्या इंग्रज कारागिरानंतर सर्वेक्षण खात्याच्या गणिती उपकरणांची ही जबाबदारी ज्यांच्याकडे आली, ते होते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. साल १८४३ च्या सुमाराचे. एव्हरेस्टने आपल्या ग्रंथात त्यांच्या कौशल्याची वाखाणणी केली आहे. आपल्या सभांतून हे नाव मी कधी ऐकले नाही. बगदाद आणि कॉर्डोव्हाची नावे तोंडपाठ असतात. अर्काटचा हा माणूस, ज्याच्या हातच्या पितळी वर्तुळांवर देशाचा नकाशा उभा राहिला, तो आपल्याला माहीत नसतो. कदाचित तो बादशहाही नव्हता आणि हकीमही नव्हता, कारागीर होता, म्हणून असेल.

हिमालयातले शिखर क्रमांक पंधरा शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, बिहारच्या मैदानातून पाहिले गेले. नेपाळात जाण्याची परवानगी नव्हती. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून ते जगातले सर्वांत उंच शिखर असल्याचे निघाले आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. येथे आपले वीस मीटरवरचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. एवढ्या अंतरावर पृथ्वी खाली वळलेली असते. १७५ किलोमीटर अंतर धरले, तर डोंगराचा सुमारे २.४ किलोमीटर भाग निरीक्षकाच्या आडव्या रेषेखाली बुडालेला असतो. तो मिळवावा लागतो. उलट, हवेतून येताना किरण वाकतो आणि शिखर असते त्यापेक्षा उंच भासते. ते वजा करावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. उपग्रहांच्या मदतीने, शिखरावर उपकरण नेऊन. फुटांत तो सुमारे २९,०३२ होतो. एकशे सत्तर वर्षांपूर्वी, डोंगराला हातही न लावता काढलेल्या उत्तरापेक्षा फक्त तीस फुटांचा फरक.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हे प्रकरण मार्च जवळ आल्यावर फळ्यावर उरकू नका. पावसाळा संपला की एक तास वर्गाबाहेर घ्या. मुलींना उपकरण धरू द्या. नाहीतर मुले कोन घेतात आणि मुली वहीत लिहितात, असे मी पाहिले आहे. पालकांनी एवढेच करावे, की मुलगी अंगणात काठी रोवून सावली मोजत असेल तर तिला हाक मारून आत बोलावू नये. पाच मिनिटांत सावली सरकते.

आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर उपकरण करा. उद्या आपल्या शाळेच्या टाकीची, नारळाची किंवा मशिदीच्या मिनाराची उंची तीन जोड्यांनी वेगवेगळी काढा. एकमेकांच्या वह्या आधी पाहू नका. तळाची रुंदी मोजा, डोळ्याची उंची मोजा, अंतर टेपने दोनदा मोजा, पावलांनी नको. तिन्ही उत्तरे एकाच कागदावर लिहा आणि ती जुळली नाहीत तर कोण कोठे उभे होते ते शेजारी लिहा. मिनाराची खरी उंची बांधकामाच्या नकाशात असेल, तो विश्वस्तांच्या कपाटात सापडेल. पण तो सर्वांत शेवटी मागा.